नांदूरमध्यमेश्वरचं पाणी आणि तीन कायदे

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर कोणता पक्षी कुठे उतरणार, हे तिथली पाण्याची खोली ठरवते. शेकाट्या आणि तुतवारांना चार बोटं पाणी पुरतं. थापट्या आणि तलवार बदकं पाण्यात बुडी मारत नाहीत. थापट्या बहुधा पृष्ठभागावरचं पाणी चोचीने गाळून खातात, तर तलवार बदकं शेपूट वर करून, मान खाली घालून तळातलं खातात. त्यामुळे त्यांची मान जिथवर पोहोचेल तेवढंच, म्हणजे फार तर हातभर पाणी त्यांच्या कामाचं. बुडी मारणाऱ्या बदकांना आणि पाणकावळ्यांना खोल पाणी लागतं. रात्री मुक्कामाला येणाऱ्या क्रौंचांच्या थव्याला चारी बाजूंनी उथळ पाणी असलेली मोकळी जागा हवी असते. एकाच जलाशयात या सगळ्या खोल्या एकाच वेळी मिळतात, तेव्हा तिथे शेकडो जातींचे पक्षी दिसतात. पाणी दोन फुटांनी वर गेलं किंवा खाली आलं, की या प्रत्येकाचं ताट सरकतं.

ही उथळ जागा तयार झाली ती मुख्यतः गाळामुळे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. त्र्यंबकच्या डोंगरांवर धो धो कोसळणारा पाऊस निफाडपर्यंत येता येता पार ओसरतो, म्हणून वरचं पाणी अडवून कालव्यांनी पूर्वेकडच्या कोरड्या भागात न्यायचं, हा त्यामागचा हिशेब. गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे इथूनच निघतात. पण बंधाऱ्यापाशी नदीचा वेग मोडला, की तिने वाहून आणलेला गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं तो साठला, त्याची बेटं झाली. पाणी इतकं उथळ झालं, की सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचू लागला. तळाशी वनस्पती रुजल्या, त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी आणि मासे वाढले. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत हा जलाशयाच्या साठवणुकीचा तोटा होता. पक्ष्यांना मात्र त्यातूनच घर मिळालं.

1986 मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत त्याचं नाव आल्याचं जाहीर झालं आणि महाराष्ट्राचं ते पहिलं रामसर स्थळ ठरलं. रामसर हे इराणमधलं कास्पियन समुद्राकाठचं गाव. तिथे 2 फेब्रुवारी 1971 रोजी पाणथळ जागांबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात 1982 मध्ये सामील झाला. नांदूरमध्यमेश्वरची रामसर हद्द 1437 हेक्टरची आहे. त्या कागदपत्रांत इथे नोंदलेल्या 536 जातींचा उल्लेख आहे. त्यात देवळालीचं नाव लागलेला एक छोटा, अतिशय धोक्यात असलेला मासाही आहे. आपल्या देवळालीचं नाव जगाच्या यादीत एका माशामुळे पोहोचलं, हे नाशिकच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याकडे वळू. रामसर यादीत नाव आलं म्हणजे कोणी परदेशी यंत्रणा येऊन राखण करत नाही. करार सदस्य देशाकडून वचन घेतो, अंमलबजावणी त्या देशाच्या कायद्यांनीच करायची असते. आपल्याकडे त्यासाठी पर्यावरण संरक्षण कायदा, 1986 खाली पाणथळ जागांचे नियम आहेत. ते आधी 2010 मध्ये आले. 2017 मध्ये त्यांच्या जागी नवे आले. नव्या नियमांनी बरेचसे अधिकार केंद्राकडून काढून राज्यांच्या पाणथळ प्राधिकरणांना दिले. पाणथळ जागा बुजवणं, अतिक्रमण, नवे उद्योग, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, यांना हे नियम मनाई करतात. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकामही करता येत नाही.

या नियमांतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती 'प्रभाव क्षेत्र' ही कल्पना. पाणथळ जागेच्या पाणलोटातल्या ज्या भागात काही केलं की जागेची प्रकृती बिघडते, तो भागही ठरवायचा आणि तिथल्या कामांवर लक्ष ठेवायचं. नकाशावर जलाशयाभोवती रेघ मारून भागत नाही, पाणी वरून येतं, हे इथे कायद्यानेच मान्य केलं आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या बाबतीत वर म्हणजे कुठे? दारणा, कादवा, निफाड-दिंडोरीतले द्राक्षमळे आणि ऊस, आणि गोदावरीवर वसलेलं आपलं अख्खं नाशिक शहर.

पण इथेच एक अडचण येते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणाऱ्या पाणथळ जागांना हे नियम लागू होत नाहीत. वन्यजीव कायदा अधिक कडक आहे, मग दोन कायद्यांची सरमिसळ नको, असा त्यामागचा विचार दिसतो. वन्यजीव कायदा, 1972 खरोखरच कडक आहे. त्याच्या 29 व्या कलमानुसार अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, थांबवणं किंवा वाढवणं, हे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. तीही परवानगी वन्यजीवांच्या हितासाठी आवश्यक असेल तरच मिळते. जिचं सगळं जगणं बंधाऱ्याच्या दरवाजांवर आणि कालव्याच्या आवर्तनांवर, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याच्या पाळ्यांवर चालतं, त्या जागेला हे वाक्य किती थेट लागू होतं! मात्र या कायद्याचा बाकीचा भर हद्दीच्या आत काय चालतं यावर आहे. वरच्या अख्ख्या पाणलोटात रोज काय घडतं, त्यासाठी त्यात प्रभाव क्षेत्रासारखं साधन नाही. वरच्या सांडपाण्याचा प्रश्न जल प्रदूषण कायदा, 1974 आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. पाणी कधी आणि किती सोडायचं, हे जलसंपदा विभाग ठरवतो आणि त्यासाठी 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आहे.

त्या कायद्याची ओळख नाशिककरांना नव्याने करून द्यायला नको. खालच्या जायकवाडी धरणात पुरेसं पाणी नसेल, तर समन्यायी वाटपानुसार, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाणी न्यायाने वाटण्याच्या तत्त्वानुसार, गंगापूर आणि दारणा समूहातून खाली पाणी सोडावं लागतं आणि ऑक्टोबरात जिल्हाभर त्यावरून आंदोलनं पेटतात. ते पाणी नांदूरमध्यमेश्वरमधूनच पुढे जातं. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद आपण ऐकत आलो. याच आठवड्यांत उत्तरेकडून स्थलांतरित पक्षी इथे उतरायला लागलेले असतात, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

सांडपाण्यामुळे काय होतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पाणथळ जागेची शक्ती आणि तिची मर्यादा दोन्ही त्यातून दिसतात. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस वाहून येतात. चिखलाच्या वरच्या थरात ऑक्सिजन असतो. तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. थोडं खाली ऑक्सिजन संपतो. तिथे वेगळे जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायूच्या रूपात हवेत परत जातो. उथळ पाणी आणि दलदल जितकी जास्त, तितका हा कारखाना मोठा. फॉस्फरसला मात्र अशी वायूची वाट नाही. तो गाळाला चिकटून तिथेच साठतो आणि तळाशी ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात विरघळतो. त्यावर पोसतात त्या पाणवेली. काही आठवड्यांत त्या पृष्ठभाग झाकून टाकतात, खाली प्रकाश पोहोचत नाही, तळाच्या वनस्पती मरतात, कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. पाणवेली काढणारी यंत्रं लावावी लागतात, पण फॉस्फरस येत राहिला तर त्या पुन्हा वाढणारच.

म्हणून तपोवन किंवा आगर टाकळीच्या मलनिस्सारण केंद्रातून काय बाहेर पडतं, नासर्डीतून गोदावरीत काय येतं, हा चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून दिसणाऱ्या थव्यांचा प्रश्न आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करण्याची चर्चा सुरू आहे. ती रामकुंडापाशी थांबू नये.

नांदूरमध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. मग राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानाचा अनुभवही पाहायला हवा. तेही माणसाने घडवलेलं पाणथळ. 1982 मध्ये तिथे गुरचराई बंद केली गेली, त्यावरून संघर्ष झाला, गोळीबारात माणसं गेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की म्हशी गेल्यावर गवत बेसुमार माजलं आणि पक्ष्यांना लागणारं उघडं पाणी कमी झालं. पुढे गंभीर नदीवरच्या पांचना धरणातून पाणी येणं आटलं आणि अख्खं उद्यान कोरडं पडू लागलं. हद्दीला भिंत होती, पहारा होता, जागतिक वारशाचा दर्जा होता. पाणी मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात होतं.

आपल्याकडेही काठावरचे शेतकरी पाणी ओसरल्यावर गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, मच्छीमार जाळी टाकतात. त्यांना सरसकट बाहेर काढणं हा रामसरचा मार्ग नाही. करारात विवेकी वापर, म्हणजे जागेची प्रकृती न बिघडवता केलेला वापर अभिप्रेत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये इस्रोच्या नकाशातल्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. डिसेंबर 2024 मध्ये नव्या नकाशातला 2,31,195 हा आकडा धरून त्या प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासायला सांगितलं. हे मोठं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण 2017 च्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. नाशिक जिल्ह्यात तर जिथे पक्षी दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा जागा धरणांमागच्याच.

इथे एक गोष्ट नवा कायदा न करताही होऊ शकते. आवर्तनांचं वेळापत्रक कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला जलाशयात किती पातळी असली म्हणजे किती उथळ क्षेत्र उरतं, याचा तक्ता वन्यजीव विभागाने त्या बैठकीपुढे ठेवावा. एकदम चार फूट पातळी उतरवण्याऐवजी तेच पाणी थोडं थोडं सोडता येईल का, हे अभियंत्यांनी सांगावं. 29 व्या कलमाचा आधार त्या तक्त्याला आहेच. शेतकऱ्याचं आवर्तन त्याने बुडत नाही, फार तर दोन-चार दिवस मागेपुढे होतं.