लाकडाच्या वाटांवरचे तंबू

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत कॅम्पिंगचे बेत सुरू होतात, आणि त्यातले बरेचसे नॅशनल पार्कच्या आरक्षणापाशीच अडकतात. योसेमिटीतल्या जागा महिनोन्महिने आधी खुल्या होतात आणि बघता बघता भरून जातात. मग कोणीतरी सांगतं की पार्कच्या हद्दीबाहेर नॅशनल फॉरेस्ट आहे, तिथे फॉरेस्ट रोडच्या कडेला तंबू ठोका, एक पैसा पडत नाही. ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. नियमांच्या बाबतीत इतक्या काटेकोर देशात सरकारी जंगलात आरक्षणाशिवाय आणि भाड्याशिवाय बहुतेक ठिकाणी चौदा दिवस राहता येतं, यावर विश्वास बसायला वेळ लागतोच.

पण सोय खरी आहे. तिला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचरापेटी नाही; जे आणाल ते परत न्यायचं. ही सोय कुठल्या सरकारने योजना म्हणून सुरू केलेली नाही. १८९७ च्या कायद्यात वाट मोकळी राहिली आणि पुढे लाकूड काढण्यासाठी डोंगरात रस्ते पाडले गेले, या दोन गोष्टींतून ती उरली आहे. म्हणूनच तिचा इतिहास माहीत असला की जागा कुठे सापडेल हेही कळायला लागतं.

आधी एक घोळ मिटवायला हवा. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत. पार्क अंतर्गत खात्याकडे (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर) आहेत आणि त्यांचा पाया जतनाचा. तिथे गाडी लावून मुक्काम करायचा तो ठरवून दिलेल्या जागीच. फॉरेस्ट कृषी खात्याकडे आहेत. लाकूड, पाणी, चराई आणि खाणकाम अशा कामांसाठी ती राखली गेली. १५४ राष्ट्रीय वनं आणि २० गवताळ प्रदेश मिळून सुमारे १९.३ कोटी एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट जमीन होते.

१८९१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, राष्ट्राध्यक्षांना सरकारी जमिनीतली जंगलं राखून ठेवण्याचा अधिकार दिला. बेंजामिन हॅरिसन यांनी त्याच वर्षी यलोस्टोनच्या कडेची पहिली राखीव पट्टी जाहीर केली. आजचं वायोमिंगमधलं शोशोनी राष्ट्रीय वन त्यातूनच आलं. राखीव म्हणजे नक्की काय, हे मात्र पुढची सहा वर्षं कोणालाच स्पष्ट नव्हतं. पश्चिमेकडचे शेतकरी, मेंढपाळ आणि खाणवाले चिडले होते, कारण रोजच्या वाटाच बंद होण्याची भीती होती. १८९७ च्या कायद्याने त्यांची समजूत काढली. जंगल राखायचं ते पाण्याचा ओघ टिकवण्यासाठी आणि देशाला लाकूड मिळत राहावं म्हणून, असं त्यात म्हटलं होतं. आणि कायदेशीर, रास्त कामासाठी कोणालाही आत जाता येईल, फक्त नियम पाळावे लागतील, अशीही तरतूद होती. करमणुकीचा, सहलीचा उल्लेख त्यात कुठेच नाही. पण दार उघडं राहिलं ते तिथेच.

इथे हिंदुस्थानचा धागा येतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १९०५ मध्ये ही जंगलं कृषी खात्याकडे आली आणि फॉरेस्ट सर्व्हिसचे पहिले प्रमुख झाले गिफर्ड पिंचो. तरुणपणी वनशास्त्र शिकायला ते युरोपात गेले, तेव्हा त्यांना वाट दाखवली डिट्रिख ब्रँडिस यांनी. हेच ब्रँडिस १८६४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले होते. गावांना जंगलात काही हक्क उरावेत असं त्यांचं मत होतं, पण १८७८ चा कायदा आला तो राखीव जंगलात सरकारची पकड घट्ट करणारा. सरपण, चराई, पानपाला यांवर बंधनं आली आणि त्याची परिणती आपल्याकडे १९३० च्या जंगल सत्याग्रहात झाली. बिळाशी आणि चिरनेर ही नावं मराठी वाचकाला सांगावी लागत नाहीत. एकाच परंपरेतून निघालेल्या वनखात्यांपैकी एकाने गावकऱ्याला बाहेर काढलं आणि दुसऱ्याने वाटसरूला आत येऊ दिलं. यामागे अमेरिकन उदारपणापेक्षा तिथल्या मतदार शेतकऱ्याचा आणि खाणवाल्याचा दबाव जास्त होता.

आणि तिथेही दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतंच. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. ती मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती. न्यू मेक्सिकोतल्या ताओस प्वेब्लोच्या लोकांचं पवित्र तळं ब्लू लेक १९०६ मध्ये राष्ट्रीय वनात ओढलं गेलं. ते परत मिळायला १९७० साल उजाडलं, तेव्हा सुमारे ४८,००० एकर जमीन त्यांच्या हाती आली. फुकट मुक्कामाची गोष्ट सांगताना हे वगळून पुढे जाता येत नाही.

सुरुवातीला तंबू पडायचे ते मेंढपाळांचे, शिकाऱ्यांचे आणि सोनं शोधणाऱ्यांचे. मग फोर्डची मॉडेल टी आली आणि शहरातला माणूस गाडीच्या टपावर कॅनव्हास बांधून डोंगरात शिरू लागला. विझवायच्या राहिलेल्या शेकोट्या, ओढ्यात पडलेला मैला आणि डब्यांचे ढीग बघून फॉरेस्ट सर्व्हिस हादरली. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि माँटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं होतं. त्यानंतर आगीची धास्ती खात्याच्या हाडांत भिनली होती. १९१६ मध्ये ओरेगॉनमध्ये कोलंबिया नदीच्या दरीत ईगल क्रीकला संडास, टेबलं आणि चुली असलेली बांधीव कॅम्पसाइट उभी राहिली. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट हे खात्याचे पहिले उद्यानरचनाकार म्हणून रुजू झाले आणि कोलोरॅडोतल्या सॅन इझाबेल वनात सहलीच्या सोयी आखू लागले. काँग्रेस पैसे देईना, तेव्हा प्वेब्लो शहरातल्या लोकांनी संस्था काढून वर्गणी गोळा केली.

या सगळ्यांत ज्याचं नाव कमी घेतलं जातं तो माणूस म्हणजे एमिलिओ माइनेके. ते झाडांच्या रोगांचे तज्ज्ञ. कॅलिफोर्नियात झाडं का वाळतात हे पाहताना त्यांच्या लक्षात आलं की कीड किंवा बुरशी नाही, पाय आणि चाकं झाडं मारताहेत. गाडी झाडांमधून हवी तशी फिरते, माती दाबली जाते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि कोवळी रोपं चिरडली जातात. १९३२ मध्ये त्यांनी उपाय मांडला: एकेरी वळसा घेणारा रस्ता, प्रत्येक गाडीला आत शिरण्यापुरता एक फाटा, कडेला मोठाले दगड आणि टेबल व चूल जागेवर पक्की. आज अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडमध्ये गेलात तर हाच आराखडा दिसतो. १९३३ ते १९४२ या काळात बेरोजगार तरुणांच्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरने असे कॅम्पग्राउंड जागोजागी बांधले. म्हणजे मुक्कामाचे दोन प्रकार तिथून वेगळे झाले. आखलेल्या जागा एकीकडे, आणि माइनेकेंचे दगड जिथे पोचले नाहीत असं बाकीचं सगळं जंगल दुसरीकडे.

त्या बाकीच्या जंगलात गाडी शिरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. घरबांधणीला लाकूड हवं होतं, खासगी जंगलं ओरबाडून झाली होती, म्हणून राष्ट्रीय वनांकडे मोर्चा वळला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथून वर्षाला सुमारे १२ अब्ज बोर्ड-फूट (एक बोर्ड-फूट म्हणजे फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी) लाकूड निघत होतं. त्यासाठी डोंगर कोरून रस्ते काढले. आज राष्ट्रीय वनांत सुमारे ६ लाख किलोमीटर रस्ते आहेत. १९९० मध्ये जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला संरक्षण मिळालं, जुन्या जंगलांवरचे खटले वाढले आणि तोड कोसळली. ट्रक गेले, रस्ते तसेच राहिले.

आणि जागाही राहिल्या. ओंडके ओढून आणून ट्रकवर चढवायचे तर ट्रक वळेल एवढी सपाटी लागते. अशी सपाटी फाट्याच्या टोकाला किंवा वळणाच्या पोटात केलेली असायची. आज तिथे गवत आणि पाइनची पोरसवदा झाडं असतात. खुंटी ठोकताना जमीन दगडासारखी लागते. कडेला करवतीने सपाट कापलेले, करडे पडलेले बुंधे दिसतात. कधी झुडपात गंजलेली पोलादी दोरी सापडते. मधोमध कुणीतरी रचलेलं दगडांचं काळवंडलेलं कडं असतं. रस्त्याकडेच्या मोफत कॅम्पिंगच्या कितीतरी चांगल्या जागा या अशाच आहेत. म्हणून उपग्रहाच्या चित्रात जागा शोधताना तळ्याकाठ बघू नये. मुख्य फॉरेस्ट रोडला फुटलेले आखूड, आंधळे फाटे बघावेत. पाण्यापासून दूर राहायचा नियमही त्यात आपोआप पाळला जातो.

१९६० च्या कायद्याने लाकूड, चराई, पाणी, वन्यजीव यांच्या जोडीला सहल-करमणुकीला प्रथमच कायद्यात जागा दिली. १९६५ पासून बांधीव जागांवर शुल्क घ्यायला कायद्याचा आधार मिळाला. १९९६ मध्ये काँग्रेसने प्रयोग म्हणून शुल्काची मुभा वाढवली, तेव्हा पश्चिमेत मोठा संताप उसळला: जंगलात नुसतं पाऊल टाकायचेही पैसे का? त्या भांडणातून २००४ चा कायदा आला आणि मुक्काम फुकट का, याचं आजचं लेखी उत्तर त्यात आहे. कायद्याने नऊ गोष्टी मोजल्या आहेत: तंबूची किंवा ट्रेलरची आखलेली जागा, टेबल, पिण्याचं पाणी, आत येणारा रस्ता, शुल्क गोळा करणारा माणूस, वाजवी सुरक्षा, कचरापेटी, संडास आणि शेकोटी आवरणारं कडं. यातल्या निम्म्याहून अधिक नसतील तर तिथे कॅम्पिंगचं शुल्क घेता येत नाही. इतका स्पष्ट मजकूर कायद्यात कमी वेळा वाचायला मिळतो. तो टिकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पैशांचा प्रश्न असा सुटला, चाकांचा मात्र चिघळत गेला. जीप, मोटरसायकली आणि पुढे चारचाकी एटीव्ही रस्ता सोडून कुरणांत शिरू लागल्या. १९७२ मध्ये निक्सन यांनी आदेश काढला की अशा वाहनांना कुठे मुभा आणि कुठे मनाई हे ठरवा. तरी बऱ्याच वनांत 'बंद म्हटलं नसेल तर उघडं' हाच शिरस्ता चालू राहिला. २००५ च्या नियमाने तो उलटवला: नकाशावर दाखवलं असेल तेवढंच उघडं. तेव्हापासून प्रत्येक वनाचा वाहन-वापर नकाशा निघतो. तो काळापांढरा, रुक्ष आणि फुकट असतो. रेंजरच्या कार्यालयात मिळतो, मोबाइलवरही उतरवून घेता येतो. त्यात काही रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके असतात. त्याचा अर्थ इथे मुक्कामासाठी गाडी ठरावीक अंतरापर्यंत आत नेता येते. ॲरिझोनातल्या कोकोनिनो वनात निवडक रस्त्यांवर हे अंतर ३०० फूट आहे. काही वनांत गाडीच्या लांबीएवढंच. रस्त्यावरच्या पाट्याही वाचायला शिकावं: आकडे आडवे असतील तर रस्ता साध्या गाडीचा, अरुंद तपकिरी खांबावर एकाखाली एक लिहिले असतील तर उंच गाडी लागेल. भाड्याच्या सेडानमध्ये मुलाबाळांना घेऊन निघालेल्यांनी तो उभा खांब दिसताच थांबावं.

वणव्याच्या दिवसांत पहिला फटका बसतो तो याच जागांना. निर्बंधांच्या पहिल्या टप्प्यात बांधीव कॅम्पग्राउंडमधल्या चुलीत विस्तव चालतो, रस्त्याकडेच्या दगडी कड्यात नाही. कॅलिफोर्नियात तर एरवीही शेकोटीसाठी, अगदी गॅसच्या शेगडीसाठीसुद्धा, परवाना काढावा लागतो. तो फुकट असतो.

मुक्कामाला दिवसांची मर्यादा असते ती जंगलात वस्ती होऊ नये म्हणून. घरभाडी परवडेनाशी झाल्यापासून नेमका तोच प्रश्न उभा राहिला आहे. ओरेगॉनमधल्या बेंडजवळ डेशूट्स वनात मे २०२५ मध्ये वणव्याचा धोका कमी करण्याच्या कामासाठी मोठा भाग बंद झाला, तेव्हा तिथे दीर्घकाळ गाड्यांत आणि तंबूंत राहणाऱ्या लोकांना बाहेर पडावं लागलं. दुसरीकडे २०२० च्या साथीनंतर हौशी गर्दी वाढली. कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूटभोवती आणि ॲरिझोनात सेडोनाच्या पश्चिमेला आता कुठेही थांबता येत नाही. आखून दिलेल्या जागीच थांबायचं. सेडोनाची तांबडी माती आणि तिथली नाजूक झुडपं पाहिली की हा निर्णय पटतो. माइनेकेंनी झाडांच्या मुळांशी जे पाहिलं तेच पुन्हा घडत होतं.

आता प्रश्न परत रस्त्यांवर आला आहे. क्लिंटन यांच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी, जानेवारी २००१ मध्ये, ज्या ५.८५ कोटी एकरांत अजून रस्ते नव्हते तिथे नवे रस्ते बांधण्यावर बंदी आली. जून २०२५ मध्ये कृषी खात्याने ती बंदी उठवण्याचा मनोदय जाहीर केला. नवे रस्ते झाले तर ओंडक्यांच्या नव्या सपाट्या होतील आणि काही वर्षांनी तिथे तंबूही पडतील, असं कोणी म्हणेल. मला तो सौदा मान्य नाही. आहेत त्याच ६ लाख किलोमीटरची डागडुजी खात्याला झेपत नाही. मोऱ्या तुंबतात, पावसात कडे खचतात, माती थेट ट्राउट माशांच्या ओढ्यात जाते आणि दरवर्षी नकाशावरून काही फाटे गळतात. तंबूला जागा हवी असेल तर त्या फाट्यांच्या मोऱ्या साफ करायला पैसे आणि माणसं द्यावीत.