टनेल पॉझिटिव्ह म्हणजे अपोप्टोसिसच? नाही हो!

रत्नागिरीकडच्या एमएस्सीच्या पोरांचे प्रोजेक्ट वाचताना हे वाक्य हमखास सापडतं, की कोकमाच्या सालीचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर टाकला, टनेल टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे पेशी अपोप्टोसिसने, ठरवून मेल्या. हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

१९९२ साली आलेली टनेल फक्त डीएनएची तुटलेली टोकं रंगवते. आता बघा, जुनं घर कौलं उतरवून, वासे बाजूला रचून शिस्तीत उतरवलं तरी, आणि २०२० च्या निसर्ग वादळात आडवं झालं तरी, मोडकं लाकूड दोन्हीकडे सापडणारच ना? तसंच नेक्रोसिसमध्ये, म्हणजे पेशी फुटून मरते तेव्हाही डीएनए तुटतो आणि टनेल चमकते.

मग पोरं म्हणतात अ‍ॅनेक्सिनची टेस्ट करू. अ‍ॅनेक्सिन हे प्रथिन फॉस्फॅटिडिलसेरीन या स्निग्ध द्रव्याला चिकटतं, जे एरवी पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला असतं आणि अपोप्टोसिसमध्ये बाहेर येतं, पण पडदाच फाटला असेल तर अ‍ॅनेक्सिन सरळ आत शिरून चिकटतं! म्हणून सोबत प्रोपिडियम आयोडाइड हा रंग लागतोच, तो शाबूत पेशीत शिरत नाही. फक्त अ‍ॅनेक्सिन लागलं तर बहुधा सुरुवातीचा अपोप्टोसिस, दोन्ही लागले तर उशिराचा अपोप्टोसिस की नेक्रोसिस हे एका वेळच्या रीडिंगवरून कळत नाही, वेगवेगळ्या तासांना बघावं लागतं. आणि प्लेटवरून पेशी खरवडून काढल्या तर पडदा आपणच फाडतो, हे तर कुणी लिहीतच नाही.

पोरांनो, कॅस्पेज-३, म्हणजे अपोप्टोसिस घडवणारं एन्झाइम, चालू झालंय का बघा, मायक्रोस्कोपखाली आक्रसलेलं केंद्रक बघा, आणि कॅस्पेज अडवणारं औषध घालून पेशी वाचतात का तेही तपासा.