एक्स-रे स्वच्छ, म्हणून फुफ्फुसं ठणठणीत?

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक समज वर्षानुवर्षं फिरतो: ‘बाईनं कधी विडी-सिगारेट ओढली नाही आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, तर दम लागणं वयाचंच.’

असं वाटणं साहजिक आहे. न्यूमोनिया, क्षय यांचे डाग एक्स-रेत बरेचदा दिसतात, म्हणून स्वच्छ फिल्मवर आपला भरवसा बसतो. पण सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, सुरुवातीला डाग नसतोच. लहान नळ्या दोन मिलिमीटरहूनही बारीक. त्यांचं आकसणं एक्स-रेत उमटत नाही.

आणि धूर फक्त विडीचा नसतो. रामबागेतल्या एखाद्या आजींनी तीस वर्षं सिगडी फुंकली असेल, तर तोही धूरच. चुलीच्या धुरानं आजारी झालेल्या बायकांच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांची जाळी विरण्यापेक्षा श्वासनलिकांचा बिघाड अधिक आढळतो. त्यातून बायकांच्या श्वासनलिका मुळात पुरुषांपेक्षा अरुंद.

मग खरं कळतं कसं? स्पायरोमेट्रीनं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध ओढून थोड्या वेळानं नळीत जोरात फुंकायचं. पूर्ण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर पडली, तर अडथळा आहे. सीटी प्रत्येकीला लागत नाही, त्यात किरणोत्सर्गही एक्स-रेच्या कितीतरी पट. घरातली जुनी फाईल काढून बघा: एक्स-रे तीन-चार असतील, फुंकण्याची चाचणी बहुधा एकही नसेल.