माल्टीज मजकुरात अव्यय एकदा की दोनदा? (भाषांतर मागवणाऱ्या ग्राहकांसाठी)

माल्टीज (माल्टा देशाची भाषा) भाषांतराचं प्रूफ हातात पडलं की हमखास विचारणा होते: “हा शब्द दोनदा आलाय, एक काढू का?” हा शब्द म्हणजे अव्यय, मराठीतल्या ‘-त’, ‘-चा’, ‘-शिवाय’ यांचं काम करणारा छोटा शब्द. कधी खुशाल काढा, कधी त्याने अर्थच फिरतो. (माल्टीज रोमन लिपीत लिहितात. इथे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.)

मराठीत प्रत्यय शब्दाच्या मागे लागतो, म्हणून आपण पहिला गाळतो: ‘पुणे व मुंबईत’. माल्टीजमध्ये अव्यय शब्दाच्या आधी येतं, त्यामुळे गळतं ते दुसरं. ‘फ’माल्ता उ फ’आउदेश’ म्हणजे माल्टात आणि गोझोत (गोझो हे माल्टा देशातलंच एक बेट). ‘फ’माल्ता उ आउदेश’ हेही बरोबर.

खाद्यपदार्थांच्या लेबलवर मात्र जपून. ‘ब्ला त्सोक्कोर उ ब्ला मेल्ह’ म्हणजे साखर नाही, मीठही नाही. दुसरा ‘ब्ला’ उडवलात तर ‘साखर नाही, पण मीठ आहे’ असंही वाचता येतं. जागेची बचत किती, तर तीन रोमन अक्षरं (bla) आणि एक मोकळी जागा. ‘शिवाय’ अर्थाचं अव्यय आम्ही दोन्हीकडे ठेवतोच.

मालकी दाखवतानाही फरक पडतो. ‘ता मरीया उ जान्नी’ (मरीया आणि जान्नीचं) म्हटलं की वस्तू दोघांची सामायिक वाटते. ‘ता मरीया उ ता जान्नी’ म्हटलं की दोघांची वेगवेगळी असण्याकडे कल जातो. मूळ मजकुरात हे उघड नसेल तर आम्ही फोन करून विचारू.

सर्वात जास्त चुका होतात त्या अव्ययाला उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) चिकटतं तिथे. ‘फिल्-काम्रा उ फिल्-क्चीना’: खोलीत आणि स्वयंपाकघरात. (काम्रा ही हिंदीतल्या कमऱ्याची लांबची बहीण.) ‘फिल्’मध्ये ‘फि’ हे अव्यय आणि ‘इल्’ हे उपपद आहे. गाळायचं ते फक्त अव्यय, उपपद राहतं: ‘फिल्-काम्रा उ ल्-क्चीना’. डिझायनर अख्खं ‘फिल्’ उडवतो आणि ‘त्या खोलीत आणि कुठल्याशा स्वयंपाकघरात’ असं काहीतरी छापून येतं.

सर्वनाम अव्ययालाच जोडलेलं असतं, तिथे काटछाट नाही: ‘आलीया उ आल मरीया’, माझ्यासाठी आणि मरीयासाठी. ‘बेय्न’ (मध्ये, दरम्यान) नामांपूर्वी एकदाच येतं: ‘बेय्न माल्ता उ आउदेश’. सर्वनामं आली की तेही दोनदा: ‘बेय्नी उ बेय्नेक’, तुझ्यामाझ्यात.

ॲप किंवा मेन्यूकार्डासाठी ‘बिल्-’ (‘सह’ अर्थाचं ‘बि’ आणि उपपद ‘इल्’) एका रकान्यात आणि पदार्थ दुसऱ्यात ठेवून जोडू नका. कॉफीला ‘बिल्-काफे’ जमतं, पण चहाला ‘बित्-ते’ लागतं आणि साखरेला ‘बित्स्-त्सोक्कोर’, कारण काही व्यंजनांपूर्वी उपपदातला ‘ल्’ त्या व्यंजनासारखा होतो. सुटे शब्द न पाठवता पूर्ण वाक्यं पाठवा, आणि जागेची मर्यादा असेल तर अक्षरांत कळवा. आमची शब्दमोजणी मूळ मजकुरावर होते, त्यामुळे अव्यय दोनदा आलं तरी बिल तेवढंच राहतं.