यीस्ट मेलेलं नाहीये, आधी साखर मोजा

गणपती झाले की नाताळपर्यंत आमच्या नौपाड्याच्या काउंटरवर एकच तक्रार, "तुमचं यीस्ट मेलेलं निघालं, पीठ फुगलंच नाही". आम्ही विचारतो मैदा किती, साखर किती, तर बहुतेक वेळा अर्धा किलो मैद्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर, का तर यीस्ट जास्त खाईल आणि जास्त फुगेल.

इथेच गडबड होते. यीस्टची पेशी साखर खाते, गॅस सोडते, त्याने पीठ फुगतं, बरोबर. पण त्याच साखरेवर तिला स्वतःचं अंगही वाढवायचं असतं, आणि ठराविक आकार झाल्याशिवाय ती अंगावर नवीन कोंब, म्हणजे नवी पेशी, काढायच्या भानगडीत पडत नाही, एकदा तो टप्पा ओलांडला की मात्र एकीच्या दोन पेशी होण्याची फेरी पूर्ण करायच्या मागे लागते. हा टप्पा लीलंड हार्टवेलने बेकरीच्याच यीस्टवर शोधला, 2001 च्या नोबेलमधे त्याचा वाटा होता (माझं बीएस्सी मायक्रो आहे, तेवढं ऐकून घ्या). भरपूर खाणं आणि 30 डिग्री असलं तरी एका फेरीला साधारण दीड तास जातो, म्हणजे तासाभरात पिठात यीस्ट काही दुप्पट होत नाही, फुगवतो तो गॅसच.

आता साखर खूप झाली की कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसं पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आकसते. मग ती वाढणं, कोंब काढणं बाजूला ठेवते आणि साखरेतून आधी ग्लिसरॉल बनवते, आतलं पाणी टिकावं म्हणून. जिवंत असते, पण गॅस मंदावतो आणि तुम्ही दोन तास भांड्यात डोकावत बसता.

म्हणून साखर मैद्याच्या 10 टक्क्यांपर्यंत, म्हणजे अर्धा किलोला 50 ग्रॅमपर्यंत असेल तर साधं इन्स्टंट यीस्ट घ्या. त्याच्या वर गेलात, गोड बन, डोनट वगैरे, तर गोड पिठासाठीचं गोल्ड यीस्ट येतं ते घ्या, थोडं महाग आहे पण आम्ही छोट्या पाऊचमधे ठेवतो. रोजच्या पावाला ते नको, उगाच पैसे घालवू नका.

गीझरचं कडकडीत पाणी मात्र खरंच मारतं, कोमट म्हणजे कोमट. आणि पावसाळ्यात उघडं पाकीट हवाबंद डब्यात फ्रीजमधे ठेवा.

उघडलेलं पाकीट परत घेत नाही यावर लोक चिडतात, पण दमट हवा लागलेला माल आम्ही दुसऱ्याला कसा देणार? पाकीट घेऊन या, तुमच्या समोर अर्धा कप कोमट पाण्यात छोटा चमचा साखर आणि छोटा चमचा यीस्ट टाकून दाखवतो, दहा मिनिटांत फेस आला नाही तर नवीन पाकीट आमच्याकडून. बहुतेकदा फेस कपाच्या काठापर्यंत येतो, कारण इथे साखर एक चमचाच असते, आणि तेच पाकीट घरी तुमच्या गोड पिठात बसून राहिलेलं असतं.

येताना रेसिपीचा फोटो आणा, कुठलं यीस्ट लागेल ते लगेच सांगतो. दुपारी तीननंतर या, तेव्हा गर्दी कमी असते.