औषधाला दाद न देणारा एचआयव्ही आला कुठून?

एचआयव्हीवरचं पहिलं औषध, झिडोव्युडिन, अमेरिकेत १९८७ साली मंजूर झालं. दोनच वर्षांत त्याला दाद न देणारे विषाणू रुग्णांमध्ये सापडले. १९९३ मध्ये तर ज्याने ते औषध कधी घेतलंच नव्हतं, अशा माणसालाही तसाच विषाणू लागल्याची नोंद झाली. म्हणजे लागण होतानाच औषध निकामी!

१९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली. पण ठाणे-भिवंडीकडच्या हातावर पोट असलेल्या माणसाला तिन्ही परवडणार कशी? तेव्हा देशभर खासगीत कुणी एक, कुणी दोन औषधं घेत होतं. पैसे संपले की तीही बंद. सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ ला सुरू झाले, तेही मोजक्या रुग्णालयांत. इकडच्यांसाठी त्यातलं जवळचं म्हणजे मुंबईचं जेजे. लोकलने जायचं, रांग लावायची, त्या दिवसाच्या रोजावर पाणी. खाडे झाले की ‘पेशंट बेफिकीर’ असा शेरा मारणं सोपं असतं.

त्या काळच्या तीन औषधांच्या गोळीत एक नेव्हिरॅपिन असे. खरी गोम तिथे होती. गोळ्या थांबल्या की सोबतची दोन औषधं लवकर उतरतात, नेव्हिरॅपिन मात्र कित्येक दिवस रक्तात एकटं रेंगाळतं. एकट्या औषधाला चुकवायला या विषाणूला जनुकातला एक बदल पुरतो, ‘के-१०३-एन’. त्याने विषाणू फारसा अशक्त होत नाही. म्हणून तो संभोगातून, सुईतून, आईकडून बाळाला तसाच जातो आणि नव्या शरीरात वर्षानुवर्षं टिकतो. सोबतच्या दोनपैकी एक, लॅमिव्ह्युडिन, त्याला चुकवणारा बदल विषाणूला जड पडतो, तो सहसा मागे पडतो.

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रावर, डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात, त्या यासाठीच. पण बरीच वर्षं भिस्त सीडी-फोरवर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींच्या मोजणीवर होती. औषध हरल्यावर तो आकडा घसरायला महिने लागतात. तोवर माणूस इमानाने गोळ्या घेतोय आणि नकळत तोच विषाणू पुढे देतोय. सर्वांसाठी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूच मोजणारी तपासणी २०१८ मध्ये आली. फार उशिरा, असंच म्हणावं लागेल.

२०२० पासून आपल्याकडे डोल्युटेग्राविर हे नवं औषध आलं. त्याला चुकवणं विषाणूला बरंच अवघड जातं, अशक्य नाही. त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये सामान्यांसाठी लोकल बंद झाल्या, तेव्हा तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची मुभा मिळाली.