गेमची किंमत कुठे ठरते? ८० डॉलरच्या वादाची पार्श्वभूमी

जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा ‘स्विच २’ हा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आला आणि त्याच्याबरोबरच्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या गेमवर ८० डॉलरचं लेबल लागलं. पाठोपाठ दुसऱ्या एका बड्या कंपनीने ‘द आउटर वर्ल्ड्स २’साठीही ८० डॉलर जाहीर केले, पण गदारोळ एवढा झाला की जुलैत तिला ७० वर यावं लागलं. नोव्हेंबर २०२६ची तारीख मिळालेला ‘जीटीए ६’ तर १०० डॉलरला येणार, अशा पैजा लागून झाल्या आहेत. गेम महाग झालेत का, हा प्रश्न अमेरिकेत विचारला तर एक उत्तर मिळतं आणि भारतात विचारला तर दुसरंच. या दोन उत्तरांमधलं अंतर मुख्यतः गेल्या दहा-बारा वर्षांत पडलं आहे.

अमेरिकेचं उत्तर आधी उरकू. १९९५ मध्ये तिथे ‘क्रोनो ट्रिगर’ ८० डॉलरला विकला जायचा. महागाई धरली तर ते आजचे १६० डॉलरच्या वर जातात. तेव्हा गेम कार्ट्रिजमध्ये यायचे, आपण ज्यांना ‘कॅसेट’ म्हणायचो त्यांत. गेम मोठा की आतल्या मेमरी चिप जास्त, आणि चिप जास्त की किंमत जास्त. शिवाय कार्ट्रिज कन्सोलवाल्या कंपनीकडूनच बनवून घ्यायची, आगाऊ ऑर्डर देऊन. माल पडून राहिला तर तोटा प्रकाशकाचा. सीडी आल्यावर हा सगळा खर्च दोनेक डॉलरवर आला आणि किमती ४०-५० डॉलरवर उतरल्या. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर ६० डॉलरचा पायंडा पडला आणि पुढची पंधरा वर्षं तो हलला नाही. २०२० मध्ये ७० झाले. पण २००५चे ६० डॉलर म्हणजे २०२४चे साधारण ९६. तेव्हा लेबलापुरतं बोलायचं तर तिथे गेम स्वस्त होत आले आहेत.

प्रकाशक हेच गणित पुढे करतात. ते खोटं नाही, अर्धं आहे.

खर्च वाढला, यात शंका नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनी-खरेदीच्या खटल्यात दाखल झालेल्या कागदांवर गोपनीय आकडे काळ्या मार्करने झाकले होते. कागद स्कॅन झाले आणि शाईखालचे आकडे चक्क वाचता येऊ लागले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१ कोटींच्या वर, आणि काम ऐन भरात असताना एकेका गेमवर दोनशे-तीनशे माणसं. जी गोष्ट कंपन्या वर्षानुवर्षं सांगत नव्हत्या ती एका मार्करने सांगितली.

पण जमेची बाजूही तितकीच वाढली. डबा नाही, डिस्क नाही, ट्रक नाही, दुकानदाराचं कमिशन नाही. त्याऐवजी ऑनलाइन दुकानाचा ३० टक्के कट आहे, हे खरं. डिसेंबर २०१८ मध्ये १२ टक्क्यांवर चालणारं नवं दुकान उघडलं तेव्हा वाटलं होतं की उरलेले १८ टक्के थोडे तरी गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतील. ‘मेट्रो एक्सोडस’ अमेरिकेत तिथे दहा डॉलरने स्वस्त मिळाला. बाकी बहुतेक गेम दोन्ही दुकानांत एकाच भावाला राहिले. वाचलेले पैसे प्रकाशकाकडे गेले. त्यात एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला निघालं. लोक हसले आणि अनेकांनी विकतही घेतलं. त्यानंतर डीएलसी (गेमला जोडायचे विकतचे जादा भाग), सीझन पास (असे पुढचे भाग एकरकमी), डिलक्स एडिशन, तीन दिवस आधी खेळायला मिळण्याचे वेगळे पैसे, असं सगळं सुरू झालं. त्यामुळे ६० डॉलरचं लेबल पंधरा वर्षं गोठलं होतं असं म्हणताना गेमच्या आत उघडलेलं दुकान हिशेबात धरलं जात नाही.

आता आपल्याकडे.

नव्वदच्या दशकात भारतात गेमला किंमत होती, पण ती बनवणाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हती. आठ-बिटच्या नकली कन्सोलवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट लावली की तेच दहा-वीस गेम वेगवेगळ्या नावांनी फिरून येत. पुढे नकली डिस्क चालावी म्हणून चिप टाकलेला पीएस २ (प्लेस्टेशन २) आणि रस्त्यावरची पायरेटेड डिस्क. अस्सल माल घेणारा गिऱ्हाईक चोरीच्या मालाच्या भावाला सरावलेला होता, म्हणून पीसी गेम विकणाऱ्या काही कंपन्यांनी भारतासाठी वेगळा, १,००० ते १,५०० रुपयांच्या आसपासचा भाव ठेवला. तो उदारपणा नव्हता. त्यापेक्षा जास्त लावले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा फेरीवाला जिंकणार, हे त्यांना माहीत होतं.

कन्सोलचं तसं नव्हतं. तिथे किंमत डॉलरला बांधलेली राहिली आणि रुपया घसरत गेला. २००५ च्या सुमारास डॉलर ४५ रुपयांना होता, तेव्हाचे ६० डॉलर म्हणजे २,७००. २०१५ मध्ये तेच ६० डॉलर ३,९०० च्या घरात गेले. २०२५ चे ७० डॉलर ८५ च्या दराने ६,००० ला टेकतात. अमेरिकन मुलासाठी लेबल वीस वर्षांत दहा डॉलरने वाढलं. तेच लेबल आपण रुपयांत मोजलं तर दुपटीहून जास्त. ‘महाग’ या तक्रारीचं खरं कारण इथे आहे, आणि इंग्रजी चर्चा वाचून हीच तक्रार उसनी घेणारे आपले लोक नेमकं हेच विसरतात.

एक गोष्ट मात्र कंपन्यांच्या बाजूने सांगायला हवी. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस ५ भारतात आला तेव्हा त्याच्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ होती आणि ‘अमेरिकेचाच भाव लावला’ म्हणून बोंब झाली. पण आपल्या एमआरपीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. अमेरिकेच्या लेबलात विक्रीकर नसतो, तो काउंटरवर लागतो. कर वजा केला तर ४,९९९ चे उरतात ४,२३६, म्हणजे तेव्हाच्या दराने ५८ डॉलर. बारा डॉलरची सवलत होती, फक्त ती दिसत नव्हती. करानेही आपला घोळ घातला होताच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा व्हिडिओ गेम कन्सोल २८ टक्क्यांच्या, म्हणजे चैनीच्या रकान्यात पडले. डिसेंबर २०१८ च्या बैठकीत ते १८ वर आणले गेले, ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही आणि डिजिटल कॅमेऱ्यांच्या बरोबरीने. ऑक्टोबर २०२३ पासून ‘ऑनलाइन गेमिंग’वर २८ टक्के लागले ते पैसे लावून खेळायच्या खेळांवर, त्या मथळ्यांमुळे विकत घ्यायचे गेम महागले असा समज पसरला, त्यात तथ्य नव्हतं.

तरीही पाच हजार हे पाच हजारच. पुण्यात शिकायला आलेल्या मुलाचे मेसचे महिन्याभराचे पैसे. म्हणून खरा वाद पीसीवर रंगला, जिथे देशागणिक वेगळा भाव लावता येतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये पीसीच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानाने, म्हणजे स्टीमने, भारतात रुपयांत विक्री सुरू केली. तोवर डॉलर आणि परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागायचं. त्यानंतर चित्र पालटलं. अनेक गेम अमेरिकेच्या अर्ध्या किंवा त्याहून कमी भावात दिसू लागले आणि वर्षानुवर्षं टॉरेंटवरच्या चोरीच्या प्रतींवर जगलेल्या पिढीने सेल लागला की विशलिस्ट रिकामी करायला सुरुवात केली. भारतात पायरसी कायद्याने जेवढी हटली नाही तेवढी या एका बदलाने हटली, असं माझं मत आहे.

हा भाव ठरतो कसा, ते जवळून बघण्यासारखं आहे. गेम बनवणारा आपल्या पानावर डॉलरची किंमत टाकतो. खाली चाळीसच्या आसपास चलनांचे रकाने असतात आणि दुकान त्यांत स्वतःचे आकडे सुचवतं. हवे तर बदला, नाही तर मान्य करा. मोठ्या प्रकाशकाकडे हे बघायला स्वतंत्र माणूस असतो. तीन जणांची छोटी टीम बहुतेकदा मान्य करून पुढे जाते. म्हणजे सुचवणीचा तक्ता हाच छोट्या गेमांच्या बाबतीत प्रत्यक्ष भाव होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा तक्ता बदलला. भारतासह बऱ्याच देशांचे आकडे चढले, अर्जेंटिना आणि तुर्कस्तानचे तर कित्येक पटींनी. दुकानाचं म्हणणं, आम्ही फक्त सुचवतो. प्रकाशकांचं म्हणणं, आम्ही दुकानाचाच तक्ता वापरतो. गिऱ्हाइकाला दाद मागायला दार उरलं नाही.

अशा बदलांमागे एक कारण सांगितलं जातं: श्रीमंत देशातले लोक स्वस्त देशाच्या भावात गेम घेतात. ते ऐकलं की अभियांत्रिकीची पुस्तकं आठवतात. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या परदेशी लेखकांच्या पाठ्यपुस्तकांवर ‘फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका येथे विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं. कागद पातळ, मजकूर तोच, किंमत दशांश. ही स्वस्त आवृत्ती श्रीमंत देशात शिरली की मूळ धंदा बुडतो, ही प्रकाशकांची भीती. अमेरिकेत शिकणाऱ्या एका थाई विद्यार्थ्याने घरच्यांकडून अशी पुस्तकं मागवून विकली. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. विकत घेतलेली प्रत कुठेही छापलेली असो, ती पुन्हा विकायचा हक्क घेणाऱ्याचा.

गेमच्या बाबतीत तसं झालं नाही. लोक व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावून अर्जेंटिनात ‘राहायला गेले’, तिथल्या पेसोत गेम घेऊ लागले. स्टीमने देश बदलण्यावर तीन महिन्यांची मर्यादा घातली, त्या देशाचंच पेमेंट मागितलं आणि शेवटी २० नोव्हेंबर २०२३ पासून अर्जेंटिना आणि तुर्कस्तानची चलनंच बंद करून तिथे डॉलर लावले. त्यामागे त्या चलनांची पडझडही होती, फक्त लबाडी नव्हे. पण भुर्दंड पडला तो ब्युनोस आयर्समध्ये खरोखर राहणाऱ्याला. आपल्याकडेही याची झळ छोट्या रूपात लागते. किमतीत फार फरक असेल तर पुण्यातल्या भावाला न्यू जर्सीतल्या बहिणीला गेम भेट म्हणून पाठवता येत नाही.

युरोपात उलटंच टोक गाठलं गेलं. पोलंड, हंगेरी, रुमानियात स्वस्त विकलेल्या गेमच्या ‘की’, म्हणजे गेम सुरू करायचे कोड, जर्मनीत चालू नयेत म्हणून कुलूप लावलं होतं. युरोपीय संघातला बाजार एकच, तर हे कुलूप बेकायदा, असं ठरवून जानेवारी २०२१ मध्ये स्टीम आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानेही तो उचलून धरला. निकाल ग्राहकाच्या बाजूचा. पण कुलूप लावता येत नसेल तर स्वस्त भाव कोण ठेवेल? पोलंडच्या झ्लॉटीत आज कित्येक गेम जर्मनीपेक्षा महाग दिसतात. देशागणिक भाव आणि कुठेही विकण्याची मोकळीक या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाव्यात असं गिऱ्हाइकाला वाटतं. धंद्यात त्या एकमेकींच्या मुळावर येतात. यात कंपन्यांचा दोष किती, यावर माझं मत त्यांच्या विरोधात झुकतं, पण अडचण खरी आहे.

पुन्हा विकण्याचा हा हक्क कन्सोलवर मात्र बरीच वर्षं टिकून होता आणि भारतात किंमत परवडायचं तेच गुपित होतं. चार हजारांची डिस्क घ्यायची, पंधरा-वीस दिवसांत गेम संपवायचा आणि बाजारात गर्दी असतानाच ओएलएक्सवर किंवा ओळखीच्या दुकानात तीनला काढायची. गेम पडला हजाराला. जून २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनने जुन्या डिस्कवर बंधनं आणि रोज इंटरनेटला हजेरी लावण्याची सक्ती जाहीर केली, आणि दोन आठवड्यांच्या आतच ती मागे घेतली. प्रतिस्पर्धी सोनीने तेवढ्यात एक छोटा व्हिडिओ काढला होता: गेम मित्राला कसा द्यायचा? एकाने डबा पुढे केला, दुसऱ्याने घेतला, व्हिडिओ संपला.

सक्तीने जे झालं नाही ते सवलतीने झालं. पीएस ५ची डिस्क ड्राइव्ह नसलेली आवृत्ती भारतात १०,००० रुपयांनी स्वस्त आली. वरचं हजाराचं गणित मांडलं तर हे दहा हजार चार गेमांतच निघून जातात, कारण डिजिटल गेम विकता येत नाही आणि मित्राकडून उसनाही मिळत नाही. कायद्याच्या भाषेत तिथे विक्री झालेलीच नसते, वापराचा परवाना मिळालेला असतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून हे गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी सांगणं बंधनकारक झालं आहे.

डिस्क असली म्हणजे गेम आपला, हा समजही मार्च २०२४ च्या अखेरीस मोडीत निघाला. ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम उघडेना, कारण एकट्याने खेळायचं म्हटलं तरी त्याला सर्व्हर लागायचा. त्यातून युरोपात सुरू झालेल्या सह्यांच्या मोहिमेने जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला. तिची मागणी किंमत कमी करण्याची नाही. विकलेला गेम बंद करताना तो चालू राहील अशा अवस्थेत सोडा, एवढंच तिचं म्हणणं आहे.